वळचणीची झालर

आपल्या जुन्या घरांची ओळख आपण ओट्यावरून, खांबांवरून, माडीच्या कठड्यावरून सांगतो. वळचणीकडे मान उंचावून पाहणारे थोडे. गिरगावातील खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्याचे रानवार किंवा वसई-आगाशीच्या पट्ट्यातील काही जुनी माडीची घरे यांच्या छपराच्या कडेला कातीव लाकडाची एक पट्टी लोंबत असते. कोठे त्या पट्टीला भाल्याच्या टोकासारखे दाते असतात, कोठे अर्धगोल पाकळ्या, तर कोठे मध्यभागी बदामाची छिद्रे. तीच आपली झालर. कोणी तिला कातरकाम म्हणतात, कोणी नुसतेच नक्षी म्हणतात.

एखाद्या पावसाळ्यात तिचा दोन हातांचा तुकडा निखळून अंगणात पडतो. मग घरात प्रश्न उभा राहतो. तसाच नवा तुकडा करून लावावा, की उरलेली झालरही उतरवून टाकावी? प्रश्न दिसायला सुताराचा आहे. पण त्याच्या पोटात दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि थोडा नीतीचा भागही आहे. म्हणून आम्ही त्याचा येथे विस्ताराने विचार करू इच्छितो.

प्रथम ही झालर तेथे का आली, ते पाहू. कौलारू छपराचे वासे भिंतीबाहेर येतात आणि त्यांची कापलेली टोके उघडी राहतात. लाकडाचे असे आडवे कापलेले टोक पाणी झपाट्याने शोषते. कुजण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. त्या टोकांवर आडवी फळी ठोकली, की ती पावसाचा मारा स्वतःवर घेते आणि वासे वाचतात. फळीची खालची कड दातेरी कापली, की पाणी दात्याच्या टोकाशी गोळा होऊन थेंबाथेंबाने गळते. भिंतीकडे ओघळत नाही. म्हणजे झालर ही घराची शोभा आहे, तशीच ती वाशांची ढालही आहे. ढाल झिजावी आणि योद्धा वाचावा, अशीच तिची योजना आहे. झालर कुजली म्हणून सुतारकाम वाईट होते, असे मानण्याचे कारण नाही. बदलली जाण्यासाठीच ती घडवलेली असते.

ही कला घरोघरी पोहोचली ती करवतीच्या बळावर. लाकडावर नक्षी कोरण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग, त्याचे सुरूच्या आकाराचे खांब आणि वरची केळफुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण ते काम पटाशीचे. जाड लाकडातून आकार बाहेर काढायचा, त्याला दिवसच्या दिवस लागायचे, आणि तो खर्च सरदार-सावकारांनाच झेपायचा. झालर ही पातळ फळीतून आरपार कापायची वस्तू. तिला उठाव नाही. तिचे सौंदर्य फळीत जितके आहे, तितकेच फळीतून काढून टाकलेल्या जागेत आहे.

असे कापणे स्वस्त झाले ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली पट्टा-करवतीचे पेटंट घेतले होते. परंतु अखंड फिरणाऱ्या पात्याचा सांधा टिकत नसल्यामुळे ते यंत्र बराच काळ निरुपयोगी राहिले. फ्रान्समध्ये ॲन पोलिन क्रेपिन या स्त्रीने १८४६ मध्ये पात्याची टोके जोडण्याची रीत शोधली आणि तिचा हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतला. त्यानंतर ही करवत युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांत स्थिरावली. जे काम कसबी कारागिराला आठवडाभर लागे, ते वाफेच्या यंत्रावर काही तासांत होऊ लागले. आगगाडीच्या स्थानकांच्या छपरांना दातेरी फळ्या लागल्या, आणि त्या पाहून घराघरांनाही लागल्या.

या स्वस्ताईवर टीकाही झाली. अमेरिकेतील गृहरचनेचे लेखक अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी १८५० सालच्या ‘द आर्किटेक्चर ऑफ कंट्री हाउसेस’ या ग्रंथात पातळ फळीतून कापलेल्या अशा नक्षीला ‘जिंजरब्रेड’ म्हणजे आल्याच्या खुसखुशीत केकसारखी म्हणून हिणवले. पुढे लोकांनी तोच शब्द कौतुकाने स्वीकारला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच यंत्राने केलेली नक्षी ही एक प्रकारची फसवणूक आहे, असा दावा मांडला होता. आज जी नक्षी वारसा म्हणून आपण जपू पाहतो, तिच्या जन्मकाळी विचारवंत तिला उथळ म्हणत होते, ही गोष्ट आम्हांला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. वस्तूचे मोल तिच्या पहिल्या दिवशी ठरत नाही.

मुंबईच्या बाजूला ही लाट आली तेव्हा येथे जमीन तयार होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांनी गिरगावातील आपली जमीन तुकड्यांनी दिली, आणि त्यांच्या नावाच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे उभी राहिली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारा लोहमार्ग वसईवरून ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि हातथापी नळीच्या कौलांची जागा सरळ रेषेत बसणारी मंगळूरी कौले घेऊ लागली. छपराची कड रेघेसारखी सरळ झाली, की तिला सरळ फळी शोभू लागते. कंपनीच्या व रेल्वेच्या कचेऱ्यांतून नोकरी करणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या हाती नियमित पगार येऊ लागला होता. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन होऊन समाजाने हे नाव धारण केले. त्याच आत्मभानाच्या काळात घरांनाही नवा साज चढत होता, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

पण साज चढवणारा हात मात्र येथल्याच सुताराचा होता. त्याच्यापाशी वाफेचे यंत्र नव्हते. नमुना परका, करवत अरुंद पात्याची हातकरवत, आणि मोजमाप तसूचे. गजाचा चोविसावा भाग तो तसू. म्हणूनच आपल्या झालरींचा बारकाईने विचार केला, तर एक पाकळी दुसरीसारखी तंतोतंत आढळत नाही. परदेशात जी यंत्राची नक्षी, ती आपल्याकडे पुन्हा हाताची झाली. रस्किन यांची तक्रार मुंबईच्या वळचणीला पूर्णपणे लागू पडत नाही, ती यामुळे.

आता लाकडाविषयी. चांगल्या झालरी सागवानाच्या असत, आणि मुंबईत उत्तम साग म्हटला की तो ब्रह्मदेशी. या सागाचा इतिहास सुखद नाही. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. ती आजही आहे. तिच्याकडे ब्रह्मदेशातील जंगलतोडीचे ठेके होते. नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके कंपनीने दाखवले, असा आरोप ठेवून राजा थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला मोठा दंड केला. इंग्रज सरकारला तेवढे निमित्त पुरले. त्याच वर्षाच्या अखेरीस मंडाले पडले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पदच्युत राजाला इंग्रजांनी कोठे ठेवले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८८६ पासून तो आपल्या कोकणात, रत्नागिरीला, बंदिवान होता. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्या वाड्याच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांची नक्षी आजही पर्यटक पाहतात. ज्या लाकडापायी राज्य गेले, त्या लाकडाची मुंबईत झालर झाली आणि त्याचा धनी समुद्राकडे पाहत तीस वर्षे आपल्या किनाऱ्यावर बसला. आपल्या घराच्या शोभेची किंमत कोणीतरी दूरदेशी मोजलेली असते. त्या शोभेचा तुकडा कचऱ्यात फेकण्यापूर्वी हे आठवावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

मग ही घरे जीर्ण का झाली? केवळ पावसाने नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. गरीब भाडेकरूला त्याने छप्पर दिले, हे निर्विवाद. पण महिन्याला मिळणाऱ्या त्या भाड्यात मालकाला रंगाचा डबाही घेता येईना. तो कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, तोवर दोन पिढ्यांची डागडुजी राहून गेली होती. दुसरीकडे सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींनी जमिनीचे भाव असे चढवले, की घरापेक्षा घराखालची जागा मौल्यवान ठरली. वारसदार वाढले, वाटण्या झाल्या, कित्येक कुटुंबे परदेशी गेली. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-वास्तूंची नियमावली आली आणि खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांना कागदावर संरक्षण मिळाले. परंतु कागद वासे धरून ठेवू शकत नाही. त्याला सुतार लागतो.

तर झालरीचा तुटलेला तुकडा जुळवायचा कसा? जाणत्या कारागिरांची आणि वास्तुजतन करणाऱ्यांची रीत अशी आहे.

पहिले पाऊल म्हणजे पडलेला तुकडा जपून ठेवणे. तोच नव्या तुकड्याचा साचा. मात्र उन्हापावसाने झिजलेल्या तुकड्यावरून आकार काढला, तर नवी पाकळी जुनीपेक्षा बारीक निघते. म्हणून छपराखालच्या आडोशाच्या भागातील, कमी झिजलेली पाकळी निवडावी, तिच्यावर कागद धरून पेन्सिलीने कड उमटवून घ्यावी आणि मग पत्र्याचा किंवा पातळ फळीचा साचा कापावा. एकाच पाकळीचे माप घेऊन थांबू नये. बारा पाकळ्यांमध्ये प्रत्येकी दोन मिलिमीटरची चूक झाली, तर शेवटी चोवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच फरक पडतो आणि शेवटची पाकळी अर्धीच उरते. यासाठी पूर्ण लांबी मोजून तिला पाकळ्यांच्या संख्येने भागावे. जुने काम इंचात किंवा तसूत आहे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. बाजारातील आजची तयार फळी जुन्या फळीच्या जाडीशी सहसा जुळत नाही. थोडी जाड फळी घेऊन ती रंध्याने उतरवणे हाच मार्ग.

दुसरी गोष्ट रेषांची. लाकडाच्या रेषा दात्याच्या लांबीच्या दिशेने असाव्या लागतात. आडव्या रेषांचा अरुंद दाता वाऱ्याने किंवा शिडीच्या धक्क्याने पटकन तुटतो. जुना दाता का तुटला, हे त्याच्या तुटलेल्या कडेवर लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय नवा कापू नये. दाराखिडक्यांच्या चौकटींवर जो गलता असतो, त्याचीही हीच कथा. पूर्वी प्रत्येक गलत्याचा वेगळा रंधा सुताराच्या पेटीत असे. आज तो वळसा यंत्राच्या पात्याने काढतात आणि नेमका जुळत नसेल, तर नमुन्याप्रमाणे पाते घासून घेतात.

तिसरी गोष्ट लाकडाची. सागाला साग, फणसाला फणस, हा साधा नियम. परंतु ब्रह्मदेशी सागाच्या ओंडक्यांची निर्यात म्यानमारने एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे. लागवडीचा साग आपल्याकडे जुनाच आहे. केरळातील निलांबूर येथे १८४० च्या दशकातच त्याची लागवड सुरू झाली होती. पण कोवळ्या झाडाच्या फळीत गाभ्याभोवतीचा पांढरा भाग अधिक येतो, आणि वाळवी व भुंगा प्रथम त्यालाच गाठतात. म्हणून फळी निवडताना गाभ्याचीच घ्यावी. नाहीतर पाडलेल्या इमारतींचे जुने लाकूड शोधावे. मुंबईत रे रोडच्या बाजूला ते घनफुटावर विकले जाते. त्यात एक विषाद आहेच: एका घराची झालर दुसऱ्या घराच्या तुळईतून येते. तरीही ते लाकूड सरपण होण्यापेक्षा पुन्हा वळचणीला लागले, तर बरेच म्हणायचे.

चौथी गोष्ट, जितके कुजले तितकेच काढावे. आंब्याचे कलम करावे तसा तिरका सांधा देऊन नवा भाग जुन्याला जोडता येतो. संपूर्ण फळी बदलणे सुताराला सोपे पडते, म्हणून तो तसे सुचवतो; घरधन्याने थोडा आग्रह धरावा. लोखंडी खिळे टाळावेत, कारण ते गंजून फुगतात आणि लाकूड चिरते. पितळी किंवा न गंजणारे स्क्रू वापरावेत. फळी वर चढवण्यापूर्वीच तिची मागची बाजू आणि कापलेली टोके रंगवून घ्यावीत. आणि जुना रंग कोरडा घासून उडवू नये. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले. ती धूळ लहान मुलांना घातक असते. रंग ओला करून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे, आणि खरवड गोळा करून तिची सुरक्षित विल्हेवाट लावावी.

इतके सारे केल्यावर नवा तुकडा जुन्याशी बेमालूम जुळला, तर ते चांगले की वाईट? या प्रश्नावर युरोपात शंभर वर्षे वाद झाला. फ्रान्सचे व्हियोले-ल-द्यूक यांचे मत असे, की वास्तूला पूर्णत्वास न्यावे, मग ते पूर्णत्व पूर्वी कधी नसले तरी चालेल. रस्किन यांना हे असत्य वाटे. त्यांच्या विचाराने भारावलेल्या विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि सांगितले, की मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची निगा श्रेष्ठ. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने मध्यममार्ग घालून दिला: नवा भाग एकूण वास्तूशी सुसंवादी असावा, पण जाणकाराला तो नवा म्हणून ओळखता यावा, आणि जेथे केवळ तर्कच करावा लागतो, तेथे थांबावे.

आपल्या देशातील ‘इंटॅक’ या संस्थेने २००४ मध्ये जी सनद स्वीकारली, तिने आणखी एक बाजू मांडली. येथे कारागिरांची परंपरा अजून जिवंत आहे. त्यांनी जुन्या रीतीने केलेला जीर्णोद्धार म्हणजे खोटेपणा नव्हे, तीही परंपराच. आम्हांला हा विचार पटतो. खोताच्या वाडीतील पहिली झालर ज्याने कापली, तो सुतार आणि आज साचा ठेवून नवी कापणारा सुतार यांच्यात कामाचा फरक नाही. दोघांच्या हातात करवत तीच आहे.

मग खरेपणाचे काय? त्याचे उत्तर लाकडी वास्तूंविषयीच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत सापडते. नव्या लाकडावर कोठेतरी न खुपणारी खूण करावी, कोरून किंवा डाग देऊन, म्हणजे पुढे तो भाग ओळखता येईल. फळीच्या मागच्या बाजूला, जेथे रस्त्यावरच्या माणसाची नजर पोहोचत नाही, तेथे पटाशीने साल कोरून ठेवायचे. शोभा समोरच्यांसाठी आणि खरे उत्तर पुढे कधी ती फळी उतरवणाऱ्यासाठी. यात आम्हांला फार सुंदर शिस्त दिसते. जुळवणूक इतकी प्रामाणिक असावी, की तिला आपले वय लपवण्याची गरज पडू नये.

सर्वच जुनी घरे टिकतील, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. चार भावांच्या कुटुंबांना एका माडीत राहता येत नाही, आणि छत गळत असताना झालरीचे कौतुक सांगणे ही क्रूरता ठरेल. पण ज्यांचे घर उभे आहे आणि पाडण्याचा विचार नाही, त्यांना काही गोष्टी सहज करता येतील. झालरीची, गलत्यांची, कठड्याच्या गजांची छायाचित्रे आणि कागदी साचे घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवावेत. पावसाळ्यापूर्वी एकदा शिडी लावून वळचण तपासावी. पडलेला तुकडा सरपणात टाकू नये. धर्मग्रामात जो वृद्ध सुतार असेल, त्याच्या हाताखाली एखाद्या तरुणाला हे काम शिकू द्यावे. आणि घर पाडावेच लागले, तर झालरीचा निदान एक अखंड तुकडा, त्यावर घराचे नाव व साल घालून, जपून ठेवावा. शेजारच्या घराची तुटलेली झालर जुळवायला उद्या तोच साचा उपयोगी पडेल.